पिवळ्या जाकिटातला बँडवाला



मी बडोद्याची. दांडिया बाजाराच्या मागे आमचा जुना वाडा होता. गायकवाडांच्या नोकरीत पणजोबा इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. आणि 1988 ते 1991 ही तीन वर्षं माझ्या खोलीत फक्त इंग्रजी, तेही चारच माणसांचं. फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन. बँडचं नाव क्वीन.

आयोजकांनी मला एचआयव्ही समुपदेशक म्हणून बोलावलं आहे. ते काम मी गेली वीसेक वर्षं करते. पण आज सुरुवात तिथून करत नाही. तेरा वर्षांची मुलगी एका बँडच्या मागे वेडी कशी होते आणि सोळाव्या वर्षी त्याच बँडला घराबाहेर कशी काढते, ती गोष्ट आधी सांगते.

ह्या वेडाला जबाबदार माझा काका. त्याचं खरं नाव सांगत नाही, बापूकाका म्हणू या. बाबांचा धाकटा भाऊ, लग्न न केलेला, मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर. सात-आठ महिने समुद्रावर, मग तीन-चार महिने घरी. तो आला की त्याच्या पेटीला वेगळाच वास यायचा. डिझेलचा, साबणाचा आणि परदेशी चॉकलेटचा. 1988 साली त्या पेटीतून एक जपानी टू-इन-वन निघाला, हेडफोन निघाले आणि एक कॅसेट निघाली. ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’. क्वीनचा 1975 सालचा अल्बम.

काकाने हेडफोन माझ्या कानावर चढवले, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ लावलं आणि म्हणाला, “किती माणसं गातायत, मोजून सांग.”

मी म्हटलं, शंभर तरी असतील.

“तीन,” काका म्हणाला.

माझा विश्वास बसेना. मग त्याने समजावलं. गाण्याच्या मधल्या भागात जो प्रचंड समूह ऐकू येतो, तो फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर ह्या तिघांचाच आहे. त्यांनी आठवडेच्या आठवडे स्टुडिओत बसून आपलेच आवाज एकावर एक चढवले. टेप इतक्या वेळा फिरवली की ती झिजून तिच्यातून उजेड आरपार दिसायला लागला, असं ब्रायन मेने सांगितलं आहे. काकाने मला हेडफोनची एक बाजू काढून फक्त डावा कान ऐकायला लावला, मग फक्त उजवा. रॉजरचा आवाज सगळ्यात वर जातो, तो कसा शोधायचा, ते शिकवलं. मोठ्या आवाजाखाली जो दबलेला आवाज असतो, तो ऐकायचा, हा आमचा खेळ झाला. दुपारी सगळे झोपले की मी आणि काका गच्चीच्या जिन्यात बसून आवाज मोजायचो.

पुढच्या खेपेला काकाने पोस्टर आणलं. 1986 सालच्या वेम्ब्लीच्या मैफिलीतला फ्रेडी. पांढरी पँट, तिला लाल पट्टा आणि वर बकलांचं पिवळंधमक जाकीट. मी ते पलंगासमोरच्या भिंतीवर लावलं. आजी खोलीत आली, चष्मा वर-खाली करून बघत राहिली आणि म्हणाली, “हा कोण गं? लग्नातला बँडवाला?”

तेव्हापासून आमच्या घरात फ्रेडी मर्क्युरी ‘तुझा बँडवाला’ झाला. खोली झाडायला येणाऱ्या बाईंना आजी सांगायची, “बँडवाल्याच्या मागचं जाळं काढा हो.”

माझी भक्ती कुठल्या थराला गेली होती, त्याची दोन उदाहरणं देते. क्वीनचं बोधचिन्ह फ्रेडीने स्वतः काढलेलं. तो आर्ट कॉलेजात शिकलेला. त्यात चौघांच्या राशी आहेत: दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या. 1989 च्या दिवाळीत मी दारात त्याची रांगोळी काढली. आजीने खेकड्याकडे बघून कपाळाला हात लावला आणि त्याच्या शेजारी लक्ष्मीची पावलं काढून टाकली. “आता येऊ दे कोणाला यायचं ते,” म्हणाली.

दुसरं. ब्रायन मेची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली आहे. मानेचं लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, आणि त्या मानेवरचे शिंपल्याचे ठिपके त्याच्या आईच्या बटणांच्या डब्यातले. हे कळल्यावर मी आईच्या शिवणाच्या डब्यातली सगळी मोत्यासारखी बटणं लांबवून माझ्या पट्टीवर चिकटवली. बाबांचा सदरा दोन आठवडे टाचणीवर चालला.

आणि एक गोष्ट काकाने मला सांगितली, तिने तर मी हरखूनच गेले. फ्रेडीचं मूळ नाव फारुख बलसारा. आईवडील पारशी. जन्म झांझिबारचा, 5 सप्टेंबर 1946. आणि शाळा? आपल्या पाचगणीची. सेंट पीटर्स. आठ वर्षांचा असताना तो तिथल्या वसतिगृहात आला, तिथे पियानो वाजवायचा आणि तिथेच मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड काढला. त्यांचं आडनावही वलसाडवरून आलेलं. वलसाडला तेव्हा बलसार म्हणत. आम्ही मुंबईला आत्याकडे जायचो तेव्हा गाडी वलसाडला थांबायची. सगळे चहा आणि वडे घ्यायला उतरायचे, मी दारात उभी राहून फलाटाला नमस्कार करायचे. आई म्हणायची, कुठलं देऊळ आहे गं इथे?

कॅसेटबद्दलही एक सांगते, कारण ती पुढे लागणार आहे. काकाने आणलेल्या मूळ कॅसेट थोड्या. बाकीचं मी त्याच्या सहकाऱ्यांच्या कॅसेटवरून कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतलेलं. अशा अकरा कॅसेट होत्या, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात गाण्यांची यादी. एकदा घरी हरिपाठ होता. बाबांनी हाताला आली ती कॅसेट घालून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. परिणामी माझ्या एका कॅसेटवर क्वीनचं गाणं ऐन रंगात येतं आणि एकदम टाळ सुरू होतात. मी दोन दिवस जेवले नाही. काकाने तेव्हा दाखवलं की कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे चौकोन असतात. ते मोडून टाकले की तिच्यावर पुन्हा कोणालाही रेकॉर्ड करता येत नाही. मी मात्र ते मोडले नाहीत. कोरी कॅसेट महाग होती. उद्या दुसरं काही आवडलं तर ह्यावरच उतरवून घेता येईल, असा हिशेब. भक्ती होती, पण थोडी जागा राखून ठेवलेली.

1991 च्या सप्टेंबरात काका घरी आला तो परत गेलाच नाही. कंपनीने लांब रजा दिली आहे, म्हणाला. बारीक झाला होता. एक नवी सवय घेऊन आला होता. जेवण झालं की आपलं ताट, वाटी, पेला स्वतः घासायचा आणि वेगळ्या फळीवर पालथा घालायचा. आई ओरडायची, अहो भाऊजी, असू द्या. तो हसून म्हणायचा, “जहाजावरची सवय, वहिनी.” आम्हाला ते खरं वाटलं.

नोव्हेंबरची 25 तारीख. सोमवार. काका पहाटे नेहमी बीबीसी ऐकायचा. त्याने मला उठवलं. पलंगाच्या कडेला बसला होता. म्हणाला, “फ्रेडी गेला, बाळ.”

मी खूप रडले. काका काहीच बोलला नाही. एवढंच आठवतं की त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट आली आणि तिच्यात कारण होतं. एड्स. आदल्या दिवशीच त्याने स्वतः ते जाहीर केलं होतं आणि चोवीस तासांत तो गेला. वय 45. 

तुमच्यापैकी जे तेव्हा मोठे होते त्यांना तो काळ आठवेल. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 सालची, मद्रासची. 1991 पर्यंत आम्हाला त्या शब्दाबद्दल माहिती शून्य आणि भीती शंभर टक्के. हाताने पसरतो, डासाने पसरतो, वाईट लोकांना होतो. आणि फ्रेडीला पुरुष आवडत होते, हेही त्याच बातमीत सूचकपणे लिहिलेलं.

मी अकरावीत होते. माझं क्वीनचं वेड सगळ्या वर्गाला ठाऊक. बुधवारी वर्गात गेले तर फळ्यावर बदामाचं चित्र, एका बाजूला माझं नाव, दुसऱ्या बाजूला फ्रेडीचं, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘एड्स’. माझ्या बाकावर कोणी बसेना. काही जण हसत होते, पण एक मैत्रीण खरंच घाबरून लांब बसली होती. तिचं ते लांब बसणं मला हसण्याहून जास्त लागलं.

घरी आले. मुंबईहून आत्या आली होती. तिच्या हातात तोच पेपर. म्हणाली, “ज्याची त्याची कर्मं. असल्या लोकांचं असंच व्हायचं.”

मी सरळ खोलीत गेले आणि पोस्टर ओढलं. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा चुनाही आला. फाडून तुकडे केले. मग अकरा कॅसेट पिशवीत भरल्या आणि ओसरीवर, आत्या, आई, बाबा सगळ्यांसमोर काकापुढे ठेवल्या. मी जे म्हणाले ते जसंच्या तसं सांगते. मी म्हणाले, “ह्या तुझ्या तू घे. असल्या माणसाचं काही मला घरात नको. मला हातसुद्धा लावायचा नाही.”

काकाने पिशवीकडे बघितलं. म्हणाला, “ठेवतो माझ्याकडे. लागल्या तर माग.”

आजीने फक्त एक प्रश्न विचारला. भिंतीवरची रिकामी जागा बघून म्हणाली, “बँडवाला कुठे गेला?”

मी म्हटलं, “मेला तो. घाणेरड्या रोगाने.”

आजी म्हणाली, “अगं, मेलेल्या माणसाचा फोटो लावतात. काढतात का कोणी?”

तेव्हा आम्ही हसलो. म्हातारीला काय कळतंय, असं.

मी कॅसेट कधी मागितल्या नाहीत. काका पुढे अडीच वर्षं आमच्यात होता. खोकला, ताप, वजन उतरणं. डॉक्टरांनी टीबी सांगितला. तो टीबी होताच, खोटं काही नव्हतं. 1994 च्या उन्हाळ्यात तो गेला. मी एकोणीस वर्षांची होते. त्या अडीच वर्षांत आम्ही जिन्यात बसून एकदाही आवाज मोजले नाहीत.

2001 साली वाडा विकला. माळ्यावरून काकाची पेटी काढली. मी तोवर समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलं होतं, नोकरी करत होते. पेटीत त्याचा पांढरा गणवेश, कागदपत्रं आणि ती पिशवी. त्याच्या नाविकाच्या पुस्तिकेत घडी घातलेला एक कागद होता. मुंबईच्या एका प्रयोगशाळेचा अहवाल. वेस्टर्न ब्लॉट. एचआयव्ही पॉझिटिव्ह. तारीख ऑगस्ट 1991.

ऑगस्ट. पोस्टर मी नोव्हेंबरात फाडलं.

म्हणजे मी पिशवी पुढे ठेवली तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. फ्रेडीची बातमी द्यायला तो पहाटे माझ्या पलंगाच्या कडेला बसला तेव्हाही माहीत होतं. डोक्यावरचा हात त्याने का काढून घेतला, ताट वेगळ्या फळीवर का ठेवलं, सगळं एकदम कळलं. सांगायचं होतं का त्याला? मला वाटतं, कोणाला तरी सांगायचं असेल, आणि घरात त्यातल्या त्यात मीच असेन. मी त्याला आधीच उत्तर देऊन टाकलं होतं. ‘असल्या माणसाचं काही मला घरात नको.’

त्याला तो कसा झाला, आम्हाला ठाऊक नाही. मला ते जाणून घ्यायची आता गरजही वाटत नाही.

पिशवीतल्या कॅसेट मी बाहेर काढल्या. अकराच्या अकरा. माझ्या अक्षरातल्या याद्या तशाच. फरक एकच. प्रत्येक कॅसेटचे ते दोन प्लास्टिकचे चौकोन मोडलेले होते. हरिपाठाच्या कॅसेटचेसुद्धा. मी जे केलं नव्हतं ते त्याने करून ठेवलं होतं, म्हणजे पुन्हा कोणाला त्यावर काही चढवता येऊ नये.

त्यानंतर मी नोकरी बदलली आणि ह्या कामात आले.

ह्या कामात आल्यावर मी क्वीनकडेही परत गेले, आणि मधल्या काळात जे ऐकलं नव्हतं ते ऐकलं. फ्रेडीला 1987 मध्ये निदान कळलं होतं, हे नंतर प्रसिद्ध झालं. म्हणजे मी रांगोळी काढत होते तेव्हाही तो आजारीच होता. बाकीच्या तिघांना कळल्यावर त्यांनी बाहेर एक शब्द काढला नाही. पत्रकार दारात बसून होते, ते नाही म्हणत राहिले आणि त्याच्याबरोबर काम करत राहिले. 1991 च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रू गावी त्याने ‘मदर लव्ह’ नावाचं गाणं रेकॉर्ड केलं. शेवटचं कडवं राहिलं. परत येऊन गातो म्हणाला आणि येऊ शकला नाही. ते कडवं ब्रायन मेने गायलं. 1995 साली अल्बम निघाला त्यात ते तसंच आहे. हेडफोन लावून ऐकलं की एक आवाज थांबतो आणि दुसरा त्याची जागा घेतो, ते स्पष्ट कळतं. मोजायला शिकवणारा आता नव्हता, पण मी मोजले. दोन.

मैत्री कशी असते ते मला त्या गाण्यात कळलं. भक्त म्हणून मी त्या चौघांचे वाढदिवस पाठ केले होते, पण ते एकमेकांशी कसे वागले ते मला शिकता आलं नाही.

आता माझ्या खोलीबद्दल दोन शब्द. तिथे येणाऱ्या कोणाचीही गोष्ट मी इथे सांगणार नाही. तो कायद्याने आणि माणुसकीनेही त्यांचा हक्क आहे. पण एक सांगू शकते. अहवाल हातात दिल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘मी जगेन का’ असा आता राहिलेला नाही, आणि ही मोठी गोष्ट आहे. एकत्रित औषधोपचार 1996 मध्ये आला. 2001 मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने ती औषधं दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केली. एप्रिल 2004 पासून आपल्या सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळू लागली. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. नियमित घेतली, रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही. ताट, पेला, डोक्यावरचा हात, ह्यातून तर तो कधीच जात नव्हता. काका दोन वर्षं उशिरा आजारी पडता तर कदाचित आज इथे समोर बसला असता.

लोकांचा पहिला प्रश्न असतो, “घरी सांगू का?” मी विचारते, घरात असं कोण आहे ज्याला सांगावंसं वाटतं? मग माणूस गप्प बसतो. आणि पुष्कळदा त्याला एखादं जुनं वाक्य आठवतं. टीव्हीवर बातमी चालू असताना वडील काय म्हणाले होते. शेजारच्या मुलाबद्दल बायको काय बोलली होती. नटाबद्दल, खेळाडूबद्दल, गायकाबद्दल जेवताना कोणी सहज टाकलेला शेरा. बोलणारा विसरून गेलेला असतो. ज्याने स्वतःसाठी ऐकलं तो पंधरा वर्षांनीही विसरत नाही.

माझ्या आईने वाडा सोडताना विचारलं होतं, अहवालाचं काय करू? आम्ही तो जपून ठेवला. आज ही गोष्ट सांगण्याआधी मी आईला विचारलं. ती आता पंच्याहत्तरीची आहे. म्हणाली, “सांग. पण त्याचं ताट मी घासायला हवं होतं, तेही सांग.” म्हणून सांगितलं.

माझ्या घरात आता बाहेरच्या खोलीत आजीचा फोटो आहे, त्याच्याशेजारी पांढऱ्या गणवेशातला बापूकाका आहे आणि त्याच्याशेजारी पिवळ्या जाकिटातला बँडवाला. माझ्या मुलीचे मित्रमैत्रिणी येतात आणि विचारतात, हे तिसरे कोण? नातेवाईक का? मुलगी म्हणते, हो, वलसाडकडचे.

इथे तरुण मुलंमुली बरीच दिसतायत. तुमच्याही भिंतीवर कोणी ना कोणी असेल. भरपूर वेडे व्हा. बटणं चोरा, रांगोळ्या काढा. पण कधीतरी त्या माणसाबद्दल गैरसोयीचं काहीतरी कळेल. गुन्हा नाही, कोणाला दुखावलेलं नाही, फक्त तो आपल्याला वाटला तसा नाही, असं काहीतरी. त्या दिवशी पोस्टरला हात घालण्याआधी एकदा मागे वळून बघा, तुमच्याच घरात, ओसरीवर, तुम्ही आता काय बोलता ते ऐकायला कोण बसलं आहे.